शिशाची गोळी : ओतणाऱ्याची आणि लागलेल्याची

हैदराबादमध्ये गनफाउंड्री हा भाग ठाऊक नाही, असा मनुष्य विरळाच. मात्र ज्या ओतशाळेवरून हे नाव पडले तिची आठवण आता फारशी कोणाला नसते. निजामाच्या पदरी असलेल्या रेमंड या फ्रेंच सेनानीने १७८६ मध्ये फतेह मैदानाजवळ तोफा व तोफगोळे ओतण्याचा हा कारखाना उभारला. लोक त्याला ‘तोप का सांचा’ म्हणत. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याच्या रणांगणावर मराठे आणि निजाम समोरासमोर आले, तेव्हा रेमंडच्या पलटणी निजामाच्या बाजूने लढल्या. त्या काळी तोफेचा गोळा सामान्यतः लोखंडाचा असे, बंदुकीची गोळी मात्र शिशाची.

शिशाचीच निवड का झाली, हे समजणे सोपे आहे. हा धातू जड आणि मऊ असून अवघ्या ३२७ अंश सेल्सिअसला वितळतो. मोठ्या भट्टीची गरज नाही; साधी शेगडी, पळी आणि साचा पुरे. म्हणूनच गोळी ओतण्याचे काम कारखान्याबाहेर, सैनिकाच्या छावणीत आणि शिकाऱ्याच्या ओसरीवरही होत असे.

एकोणिसाव्या शतकात पितळी काडतूस आले. १८७३ ची विंचेस्टर रायफल हे त्या युगाचे प्रसिद्ध अपत्य. घोड्याभोवतीची कडी खाली-वर केली, की रिकामे काडतूस बाहेर पडून नवे नळीत सरकते. अशा जुन्या रायफलींचे शौकीन अमेरिकेत आजही शिसे वितळवून गोळ्या ओततात आणि रिकामी काडतुसे पुन्हा भरतात. कित्येक जुन्या मापांची काडतुसे बाजारात सहज मिळत नाहीत, आणि जुन्या नळीला तांब्याच्या वेष्टनाच्या गोळीपेक्षा मऊ शिसे मानवते. कडकपणासाठी त्यात कथील व अँटिमनी मिसळतात. गोळीचे टोक चपटे ठेवतात. कारण या रायफलीत काडतुसे नळकांड्यात एकामागे एक बसतात आणि मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीला टेकते. टोक अणकुचीदार असेल तर धक्क्याने टोपी फुटण्याचा धोका. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार शस्त्र बाळगण्यास आणि दारूगोळा तयार करण्यासही परवाना आवश्यक आहे, हे येथे नमूद केले पाहिजे.

वैद्यकाच्या दृष्टीने खरा प्रश्न याच्या पुढचा आहे. गोळी झाडण्यापूर्वीच शिसे ओतणाऱ्याच्या शरीरात शिरू लागते. धातू बेताच्या उष्णतेवर वितळवला तर वाफ फारशी होत नाही. धोका असतो तो वर तरंगणारी मळी काढताना उडणाऱ्या धुळीचा आणि न धुतलेल्या हातांनी खाण्याचा. काडतुसाच्या टोपीतील स्फोटकातही बहुधा शिशाचे संयुग असते. त्यामुळे रिकामी काडतुसे साफ करताना आणि बंदिस्त नेमबाजी केंद्रात श्वासावाटे शिसे आत जाते. कपड्यांवरची धूळ घरी येते, आणि घरात लहान मूल असेल तर सर्वाधिक हानी त्याची होते.

दुसरा बळी ज्याला गोळी लागली तो. स्नायूत रुतलेल्या गोळीभोवती बहुधा तंतुमय आवरण तयार होते आणि ती वर्षानुवर्षे निरुपद्रवी राहते. गोळी सांध्यात असेल तर मात्र सांध्यातील द्रव तिला हळूहळू विरघळवतो. जखम विस्मरणात गेल्यावर, कधी काही महिन्यांनी तर कधी काही दशकांनी, रुग्ण पोटदुखी, मलावरोध, थकवा, रक्तक्षय अथवा मनगट लुळे पडल्याची तक्रार घेऊन येतो. पोटाच्या तपासण्या होत राहतात; गुडघ्यातील जुन्या गोळीकडे कोणाचे लक्ष जात नाही.

निदान अवघड नाही, ते सुचणे अवघड आहे. रक्तातील शिशाचे प्रमाण मोजावे, रक्तपेशींवरील निळसर ठिपके पाहावेत, संशयित भागाची क्ष-किरण प्रतिमा घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तात दर डेसीलीटरला ५ मायक्रोग्रॅम वा अधिक शिसे आढळल्यास त्याचा उगम शोधून संपर्क थांबवावयाचा असतो. शिसे बांधून बाहेर काढणारी औषधे उपलब्ध आहेत. पण उगम तसाच राहिला तर प्रमाण पुन्हा चढते. हाडांत साठलेले शिसे तर दशकानुदशके टिकते.

म्हणून अकारण पोटदुखी वा रक्तक्षयाचा रुग्ण समोर आला, की आपण दोन प्रश्न अवश्य विचारावेत : आपला उद्योग अथवा छंद कोणता? आणि शरीरात कधी गोळी वा छर्रा राहिला आहे काय? या प्रश्नांना खर्च काहीच नाही. उत्तर ‘होय’ आले, तर एका रुग्णाची वर्षानुवर्षांची वणवण थांबू शकते.