मागची रांग

रविवार सकाळ, दहा वाजून वीस मिनिटं. पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजची दुसऱ्या मजल्यावरची लॅब. पायथनची दिवसभराची मोफत परिषद आहे आणि माझ्याकडे इन्स्टॉलेशनचं काम आहे. वेळापत्रकात त्याला अर्धा तास दिलाय. तो केव्हाच संपला.

"झालं ना सगळ्यांचं?" वक्ता पुढून विचारतो. पुढच्या दोन रांगांतले हात वर होतात. मागची रांग नुसती मान हलवते. मी मागेच उभी असल्यामुळे मान हलवणाऱ्यांचे स्क्रीन मला दिसतात. चार स्क्रीन लाल अक्षरांनी भरलेत.

कडेच्या खुर्चीतली मुलगी पहाटेच्या एसटीने साताऱ्याहून आलीय. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष, लॅपटॉप भावाचा. मला बघून ती घाईघाईने स्क्रीनवरची खिडकी बंद करायला जाते. "मॅडम, माझंच काहीतरी चुकलंय."

"थांब, बंद करू नकोस. वर जा, अजून वर."

लाल मजकुरात कामाची ओळ बहुतेक एकच असते. इथे ती सापडते: अननोन कम्पायलर. इन्स्टॉल करायच्या आमच्या यादीत नमपाय या लायब्ररीची १.२६.४ ही आवृत्ती पक्की करून ठेवलीय, फेब्रुवारी २०२४ मधली. तिच्या तयार फाइली, ज्यांना व्हील म्हणतात, त्या पायथन ३.१२ पर्यंतच मिळतात. या मुलीने मात्र अधिकृत साइटवरून ३.१३ घेतलंय, ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेलं. त्याला जुळणारी व्हील न मिळाल्यामुळे लायब्ररी बसवणाऱ्या पिपने मूळ कोड उतरवला आणि तो इथेच बांधायला घेतला. त्यासाठी सी भाषेचा कम्पायलर लागतो. भावाच्या लॅपटॉपवर तो कशाला असेल?

"तुझं काहीही चुकलेलं नाही. यादी जुनी आहे, आणि ती मी केलीय." हे मी मुद्दाम मोठ्याने बोलते, शेजारच्या तिघांनाही ऐकू जावं म्हणून. अशा कार्यक्रमांतून जेवणाच्या सुट्टीत गुपचूप बॅग उचलून जाणारी मुलं मी पाहिलीत. स्वतःची एक ओळही लिहायच्या आत त्यांनी ठरवलेलं असतं की आपल्याला हे जमणार नाही. ते दृश्य मला आजही सहन होत नाही.

आता ३.१२ उतरवायचं, तर वाय-फाय रखडलंय. पायथन पंचवीसेक एमबी, नमपाय पंधराएक, यादीतलं पांडाज दहा-बारा. माणशी पन्नास एमबी धरले तरी चाळीस जणांचे दोन जीबी होतात, तेही सगळे एकाच वेळी. मी पेनड्राइव्ह काढते. त्यात ३.१२ चा इन्स्टॉलर आहे, विंडोजच्या व्हील आहेत.

"आधीचं काढून टाकू का, ताई?" मॅडमची ताई कधी झाले ते कळलं नाही.

"नको, दोन्ही सुखाने राहतात. कोणतं हवं ते सांगायचं फक्त. लिही, पाय, स्पेस, डॅश तीन पॉइंट बारा."

ती टाइप करण्याआधी वहीत उतरवते. व्हेन्व्ह म्हणजे या कामापुरती वेगळी खोली, असं मी सांगते, तेही लिहून घेते. मग पिप. "नो-इंडेक्स टाक, आणि फाइंड-लिंक्सला पेनड्राइव्हचा पत्ता दे. म्हणजे तो नेटवर जाणारच नाही, पेनड्राइव्हवरच शोधेल." शेजारचा मुलगा खुर्ची सरकवून जवळ येतो. त्याचीही तीच लाल ओळ आहे.

पुढे पहिला आलेख पडद्यावर आलाय. चहाचं पातेलं आल्याची कुजबुज होते. आमच्या रांगेतलं कुणी उठत नाही.

सक्सेसफुली इन्स्टॉल्ड. ती माझ्याकडे बघत नाही. इम्पोर्ट नमपाय लिहून एंटर दाबते. खाली काहीच उमटत नाही, नुसता पुढच्या ओळीवर कर्सर लुकलुकतो.

"काहीच आलं नाही," ती घाबरून म्हणते.

"काही आलं नाही म्हणजेच झालं."

ती पेनड्राइव्ह काढून शेजारच्या मुलाच्या हातात देते आणि वहीचं पान त्याच्याकडे फिरवते.