सुटा भाग आणि अख्खी बंदूक

मंडळी, मागच्या वेळी आपण नागसेनाच्या रथापाशी थांबलो होतो. चाक म्हणजे रथ नाही, आस म्हणजे रथ नाही. मग रथ कुठे आहे? आज रथाच्या जागी बंदूक ठेवू.

अमेरिकेत जुन्या लष्करी रायफलीचे भाग जमवून तशीच रायफल जोडण्याचा छंद आहे. उमेळ्यात बसून आपल्याला तो करता येईल? नाही. पण का नाही, ते बघण्यासारखं आहे.

१९५९ च्या शस्त्र कायद्यात अग्निशस्त्राच्या व्याख्येतच त्याचे भागही येतात. म्हणजे नुसती नळीसुद्धा बंदुकीत जमा! कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय शस्त्र बनवता येत नाही. नागसेन हे ऐकून हसला असता, नाही का?

आता कलम ४५ बघू. किरकोळ सुटा भाग बाळगायला तिथे सूट आहे; मात्र आपल्याजवळच्या किंवा दुसऱ्या कुणाजवळच्या पूरक भागांशी तो जोडण्याचा हेतू नसेल तरच. लोखंड तेच, पण हेतू बदलला की वस्तू बदलली. अवयवी आधी मनात जुळतो, मग हातात.

याच कलमात कालबाह्य किंवा नादुरुस्त शस्त्रालाही सूट आहे, पण दुरुस्तीनंतरही ते चालणार नसेल तर. म्हणून माळ्यावर आजोबांची ठासणीची बंदूक सापडली, तर 'शोभेची आहे हो' हा निकाल आपण घरी लावायचा नाही. आधी पोलिसांना विचारायचं. गंज म्हणजे निर्दोषपणा नव्हे.