तंजावरची सिंहासनाविना राजकन्या
शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी स्थापलेल्या तंजावरच्या मराठी राज्याचा कारभार १७९९ च्या तहाने कंपनी सरकारकडे गेला, आणि राजांकडे किल्ला, मानमरातब व खासगी मालमत्ता एवढेच उरले. सरफोजी राजांचे पुत्र शिवाजी २९ ऑक्टोबर १८५५ रोजी औरस पुत्राविना वारले, तेव्हा रेसिडेंट, म्हणजे दरबारातील कंपनीचा प्रतिनिधी, फोर्ब्स याने धाकटी कन्या मुक्तांबाबाई हिला वारस मानावे अशी शिफारस केली. परंतु हिंदू राजाच्या कन्येस राज्यावर हक्क नाही, असे सांगून कंपनीने ती फेटाळली आणि राजपदच खालसा केले. राज्य नावापुरतेच उरलेले असताना कंपनीला शास्त्राधाराची आठवण व्हावी, हे सोयीचे होते.

जप्त झालेल्या खासगी मालमत्तेसाठी थोरल्या राणी कामाक्षीबाईंनी मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात दावा जिंकला. मात्र लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे साम्राज्याच्या अंतिम अपील न्यायपीठाने, १८५९ मध्ये ही जप्ती ‘राज्यकृत्य’, म्हणजे न्यायालयाच्या कक्षेबाहेरील सार्वभौम सत्तेची कृती, ठरवून तो निकाल फिरवला. १८६२ मध्ये मद्रास सरकारने मालमत्तेचा काही भाग राण्यांना परत दिला व अखेरच्या राणीनंतर ती कन्येस मिळावी असे ठरवले. मुक्तांबाबाईस ‘तंजावरची राजकन्या’ ही पदवी लाभली, पण अखेरच्या राणीआधीच तिचा मृत्यू झाल्याने तो वारसाही तिच्या हाती आला नाही. पुढे त्याच मालमत्तेसाठी कोल्हापूरच्या महाराजांनी मद्रास उच्च न्यायालयात दावा लढवला.