काढणीपूर्वी कांद्याचे पाणी तोडणे

रब्बी कांदा एप्रिल-मे महिन्यांत निघतो व पुढे पावसाळाभर चाळीत ठेवावा लागतो. दिवाळीपूर्वीचा चढा भाव पदरात पडणार की बराच माल उकिरड्यावर जाणार, हे पुष्कळ अंशी काढणीपूर्वीच्या पंधरवड्यात ठरते.

नत्र अधिक झालेला कांदा टिकत नाही, हे बहुतेक शेतकरी जाणतात. मग अखेरीस भरपूर पाणी देऊन जमिनीतील नत्र धुऊन काढावे काय? तसे करू नये. पाण्याबरोबर नायट्रेटच्या रूपातील नत्र मुळांखाली निघून जाते हे खरे. परंतु पिकाने जे आधीच शोषून घेतले, ते पातीत व गड्ड्यात राहते. जमीन कितीही धुतली तरी ते परत निघत नाही. उलट ओलीमुळे पिकाची वाढ लांबते.

कांदा पक्व होतो तेव्हा नवी पाने फुटणे थांबते, मान मऊ पडून पात आडवी होते आणि पुढे मान सुकून मिटते. मिटलेली मान हे जणू गड्ड्याचे बूचच होय. उशिरा दिलेल्या नत्राने व पाण्याने ती जाड राहते, लवकर वाळत नाही आणि कुज आणणाऱ्या बुरशीस तेथून वाट मिळते. वाढलेले वजन बव्हंशी पाण्याचे असते. चाळीत ते घटते.

म्हणून काळजी आधीच घ्यावी लागते. नत्राचा शेवटचा हप्ता लागवडीनंतर सुमारे ४५ दिवसांनी द्यावा. ६० दिवसांनंतर नत्र मुळीच देऊ नये. पाणी काढणीपूर्वी १० ते १५ दिवस तोडावे. भारी काळ्या जमिनीत ओल टिकते, तेथे थोडे आधी तोडले तरी चालते. हलक्या जमिनीत मात्र घाई केल्यास गड्डा पोसत नाही. कांदा सहज उपटावा म्हणून काढणीच्या तोंडावर पाणी सोडणे तर सर्वांत वाईट. त्यात मजुरी वाचते आणि माल सडतो! माती कठीण झाली असल्यास कुदळीने सैल करावी.

सुमारे निम्म्या माना पडल्या की काढणी करावी. एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या गड्ड्यांवर येईल अशा रीतीने कांदा शेतात ३ ते ५ दिवस सुकवावा. नंतर इंचभर मान ठेवून पात कापावी व १० ते १२ दिवस सावलीत वाळवावा. जाड मानेचे, जोड व डेंगळे आलेले कांदे चाळीत न भरता लगेच विकून टाकावेत.