बाकावरच्या पोरी आणि ‘मेरिट’चे ठेकेदार

६ नोव्हेंबर २०२३ रोजी पॅरिसमध्ये मुलींचा एक बास्केटबॉल सामना झाला. दोन्ही संघ अमेरिकेतल्या विद्यापीठांचे. एक नोटर डेम, दुसरा साऊथ कॅरोलिना. अमेरिकी कॉलेजांच्या हंगामातला अधिकृत सामना पॅरिसमध्ये खेळला जाण्याची ही पहिलीच वेळ. एवढ्यावर ती क्रीडा पानाच्या कोपऱ्यातली बातमी झाली असती आणि आमच्यासारख्या कोर्टात काळा कोट घालून फिरणाऱ्यांनी तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. कारण वेगळे आहे. साऊथ कॅरोलिनाच्या ज्या पाच जणी सुरुवातीला मैदानात उतरल्या, त्यांतली एकही मागच्या हंगामात पहिल्या पाचातली नियमित खेळाडू नव्हती. जुन्या पाचही निघून गेल्या होत्या. नव्या पाच उभ्या राहिल्या आणि शंभराला एकाहत्तर अशा फरकाने जिंकून बाहेर आल्या.

या खेळात एका वेळी पाच जणी खेळतात, बाकीच्या बाजूच्या बाकावर बसतात. कॉलेजात खेळाडूला साधारण चार हंगाम मिळतात, मग पदवी घेऊन ती बाहेर पडते. साऊथ कॅरोलिनात २०१९ साली एक तुकडी आली होती. आलिया बोस्टन, झिया कुक, ब्री बील या तीतल्याच. त्यांनी २०२२ ला राष्ट्रीय अजिंक्यपद घेतले. पुढच्या हंगामात सलग ३६ सामने जिंकले आणि उपांत्य फेरीत आयोवाकडून ७७-७३ असे हरून घरी आल्या. बोस्टन व्यावसायिक लीगमध्ये पहिल्या क्रमांकाने निवडली गेली, बाकीच्याही पांगल्या. पंडितांनी हिशेब मांडला, पाचही गेल्या म्हणजे संघ गेला. हंगामाआधीच्या क्रमवारीत त्यांना सहावा क्रमांक दिला. प्रशिक्षिका डॉन स्टेली यांनीसुद्धा थट्टेने या पोरींना पाळणाघर म्हटले होते.

मग पॅरिसला असे काय झाले? कमिला कार्डोसो ही उंचापुरी ब्राझीलची मुलगी. पंधराव्या वर्षी इंग्रजी येत नसताना एकटी अमेरिकेत शिकायला आलेली. मागच्या हंगामात ती बोस्टनच्या मागे बाकावर असे आणि बाकावरून येऊन खेळणाऱ्यांत त्या विभागातली सर्वोत्तम ठरली होती. पॅरिसला तिने २० गुण आणि १५ रिबाउंड घेतले. रेव्हन जॉन्सन, ब्री हॉल याही मागच्या वर्षी बहुतेक वेळ बाकावरच्या. ते-हिना पाओपाओ ऑरेगॉनहून नव्याने आली होती. बाकावरून उठून आलेली मायलेशिया फुलवायली तर कोलंबिया शहरातलीच मुलगी, कॉलेजातला तिचा पहिलाच सामना. तिने चेंडू पाठीमागून फिरवून जो बास्केट केला, त्याची चित्रफीत मॅजिक जॉन्सनसारख्या दिग्गजानेही वाखाणली.

म्हणजे या पोरी नव्या नव्हत्याच. मैदानात त्यांची जागा नवी होती, इतकेच. दोन-दोन वर्षे त्या रोज देशातल्या सर्वोत्तम पाच जणींविरुद्ध सरावात घाम गाळत होत्या. त्यांना तोच आहार, तोच डॉक्टर, तीच प्रशिक्षिका मिळत होती, आणि प्रत्येक सामन्यात काही मिनिटे मैदानात उतरण्याची संधी हमखास होती. ज्याला जग ‘मेरिट’ म्हणते ते त्या बाकावर तयार होत होते. बाकावर बसवणे आणि फाटकाबाहेर उभे करणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपल्याकडे मेरिटचा डंका पिटणाऱ्यांना तो कळत नाही असे नव्हे. कळतो म्हणूनच ते फाटकाची चर्चा होऊ देत नाहीत.

फाटकाची गोष्ट निघाली आहे तर हे विद्यापीठ कुठले तेही पाहू. ते साऊथ कॅरोलिना राज्याच्या राजधानीत, कोलंबिया शहरात आहे. (बाबासाहेब शिकले ते कोलंबिया विद्यापीठ न्यूयॉर्कचे. नावापुरते साम्य, गल्लत नको.) गुलामगिरी टिकवण्यासाठी अमेरिकेतून फुटून निघालेले पहिले राज्य हेच. यादवी युद्धात गुलामगिरीवाले हरल्यावर १८७३ ते १८७७ अशी चार वर्षे या विद्यापीठाचे दरवाजे कृष्णवर्णीयांना उघडे होते. रिचर्ड ग्रीनर हे हार्वर्डचे पहिले कृष्णवर्णीय पदवीधर इथे प्राध्यापक होते आणि शिकवता शिकवता त्यांनी इथूनच कायद्याची पदवी घेतली. १८७७ ला सत्ता पालटली. विद्यापीठ बंद केले गेले आणि उघडले ते फक्त गोऱ्यांसाठी. पुढे ८६ वर्षे तसेच. ११ सप्टेंबर १९६३ रोजी तिघा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी पुन्हा तिथे पाऊल ठेवले. त्यांतली हेन्री मॉन्टीथ ही मुलगी फेडरल कोर्टात खटला जिंकून आत गेली होती. विद्यापीठाने हृदयपरिवर्तन होऊन दार उघडले नाही, कोर्टाने उघडायला लावले.

याच संघाची जुनी खेळाडू एजा विल्सन आज जगातल्या सर्वोत्तम बास्केटबॉलपटूंत गणली जाते. २०१७ चे अजिंक्यपद तिच्या काळातले. २०२१ ला विद्यापीठाने तिचा पुतळा उभारला तेव्हा तिने सांगितले की, तिची आजी याच परिसराजवळ वाढली, पण त्या आजीला विद्यापीठाच्या आवारातून चालत जाण्याची मुभा नव्हती, वळसा घालून जावे लागे. आपल्या वाचकांना यावर भाष्य नको. गावकुसाबाहेरून वळसा घालून गेलेल्या आजी आपल्याही घरात होत्या.

विद्यापीठापासून चालत जाण्याच्या अंतरावर विधानभवन आहे. तिथे १९६१ पासून गुलामगिरीवाल्यांचा झेंडा फडकत होता. २००० साली तो घुमटावरून उतरवून आवारात आणला, पण काढला नाही. कॉलेजांच्या खेळांची देशव्यापी संस्था एनसीएए हिने या झेंड्यापायी २००१ पासून आपल्या आधीच ठरलेल्या स्पर्धा त्या राज्यात घेणे बंद केले. परिणामी २०१४ साली स्टेली यांच्या संघाला अव्वल मानांकन मिळूनही पहिल्या फेऱ्या देशाच्या दुसऱ्या टोकाला, सिएटलला जाऊन खेळाव्या लागल्या. झेंडा लावणारे दुसरेच, भुर्दंड मात्र या पोरींना. अखेर जून २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीयांची हत्या झाली, तेव्हा कुठे जुलैमध्ये तो झेंडा उतरला. नऊ प्रेते पडावी लागली.

आता मुलींच्या खेळाकडे. १९७२ च्या जूनमध्ये अमेरिकेत एक कायदा झाला. ‘टायटल नाईन’ या नावाने तो ओळखला जातो. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, एवढेच त्याचे सार. त्यामागे पॅट्सी मिंक या जपानी वंशाच्या खासदार बाईंचे मोठे कष्ट होते. कायद्यात बास्केटबॉलचे नावही नाही. पण पैसा सरकारी असेल तर मैदान, प्रशिक्षक, शिष्यवृत्ती मुलींनाही द्यावी लागेल, असा त्याचा अर्थ निघाला. (त्याच वर्षी आपल्या मुंबईत दलित पँथर जन्माला आली, आणि तिने नाव घेतले ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे.)

कायदा कागदावर असणे आणि मैदानात उतरणे यांत किती अंतर असते, हे वकिलांइतके कुणाला ठाऊक? बर्मिंगहॅमच्या एका सरकारी शाळेत रॉडरिक जॅक्सन नावाचे कृष्णवर्णीय शिक्षक मुलींच्या बास्केटबॉल संघाला शिकवत. मुलांना मिळते तसे साहित्य आणि जागा मुलींना मिळत नाही, अशी तक्रार त्यांनी केली म्हणून त्यांचे प्रशिक्षकपद काढून घेतले. २००५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की, भेदभावाची तक्रार करणाऱ्यावर सूड उगवणे हाही त्या कायद्याखाली भेदभावच आहे. एका मताचा फरक! ते एक मत दुसरीकडे पडले असते तर तक्रार करायला पुढे कोण धजावले असते? आणि एवढे होऊनही २०२१ च्या राष्ट्रीय स्पर्धेत पुरुषांना सुसज्ज व्यायामशाळा आणि मुलींना डंबेल्सची एक छोटी मांडणी दिली गेली. ऑरेगॉनच्या एका खेळाडूने त्याची चित्रफीत जगाला दाखवली, तेव्हा एनसीएएला लाज वाटली. पाओपाओ त्या वेळी त्याच ऑरेगॉन संघात पहिल्या वर्षाला होती.

संधी मिळाली, जिंकायला लागल्या, म्हणजे मान मिळाला असे होत नाही. २०२३ च्या त्या उपांत्य सामन्याआधी आयोवाच्या प्रशिक्षिकेने पत्रकारांना सांगितले की, साऊथ कॅरोलिनाविरुद्ध रिबाउंड घेणे म्हणजे दारूच्या गुत्त्यातल्या मारामारीत उतरणे, असे कुणीतरी म्हटले आहे. बोलणाऱ्यांच्या मते ती स्तुती होती. हरल्यानंतर स्टेली शांतपणे म्हणाल्या की आमच्या मुली गुंड नाहीत, माकडे नाहीत, त्यांच्याविषयी बोलताना माणसांविषयी बोलतो तसे बोला. गोरी मुलगी जोरात खेळली तर ती जिद्दी, काळी मुलगी जोरात खेळली तर ती दांडगट. आपल्या पोरांनी हक्काचे काही मागितले की त्यांना ‘उद्धट’ म्हणणारे ऑफिसातले साहेब आठवतात की नाही?

त्याच सामन्यात रेव्हन जॉन्सन चेंडू घेऊन उभी होती आणि आयोवाची नामांकित केटलिन क्लार्क हिने हात झटकून तिला मोकळी सोडली. ही काय टाकणार, असा त्याचा अर्थ. डावपेच म्हणून यात गैर काही नाही. पण ती चित्रफीत लाखोंनी पाहिली, टिंगल झाली, आणि खेळ सोडून द्यावा असे त्या मुलीच्या मनात आले. तिने सोडला नाही. पॅरिसपासून तीच संघाची सूत्रधार झाली.

या दोन सामन्यांच्या मधल्या उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट घडली. २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांच्या प्रकरणात, प्रवेश देताना वंशाचा विचार करणे घटनाबाह्य ठरवले. गुलामांच्या मुक्तीनंतर त्यांच्याच रक्षणासाठी आणलेली चौदावी घटनादुरुस्ती त्यांच्याविरुद्ध वापरली गेली. आपल्या संविधानात १६(४) आहे, १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीने आलेले १५(४) आहे. तिकडे असे कलम नाही, सगळा डोलारा न्यायमूर्तींच्या अर्थावर उभा होता आणि तो एका दिवसात कोसळला. पण पदवीधरांच्या मुलांना वारसाहक्काने मिळणारे झुकते माप त्या निकालाने रद्द झाले नाही. हार्वर्डच्याच आकडेवारीवर झालेल्या अभ्यासात प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्क्यांहून अधिक जण खेळाडू, पदवीधरांची मुले, प्राध्यापकांची मुले किंवा डीनच्या खास यादीतले निघाले. मेरिट म्हणतात ते हेच काय?

बाबासाहेबांनी जुलै १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. तिकडच्या लढाईवर नजर ठेवण्याची ही आपली जुनी रीत आहे. ती रीत पुढे चालवायची तर आज आपल्या वसतिगृहांना विचारावे लागेल की, मुलींसाठी मैदान आहे काय, संध्याकाळी सातनंतर तिथे दिवा लागतो काय, बूट कोण घेऊन देतो? शिष्यवृत्तीसाठी आम्ही मोर्चे काढतो, काढलेच पाहिजेत. मैदानासाठी एकही निवेदन दिलेले आम्हाला आठवत नाही. खेळ म्हणजे पोटभरल्यांची चैन, ही समजूत आपल्यातही मुरली आहे, आणि मुलींच्या बाबतीत तर जास्तच.

त्या हंगामाचे पुढे काय झाले ते सांगायलाच हवे. ३८ सामने, ३८ विजय. विभागीय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात टेनेसीविरुद्ध दोन गुणांनी मागे असताना अखेरच्या क्षणी कार्डोसोने लांबून चेंडू टाकला. कॉलेजच्या कारकिर्दीत तिने तीन गुणांचा बास्केट कधीच केला नव्हता. तो पडला आणि संघ ७४-७३ ने जिंकला. दुसऱ्याच दिवशी लुईझियानाविरुद्धच्या अंतिम सामन्यात धक्काबुक्की करून ती बाहेर काढली गेली आणि राष्ट्रीय स्पर्धेचा पहिला सामना तिला मुकावा लागला. ते चुकलेच, त्याची वकिली आम्ही करणार नाही.

७ एप्रिल २०२४ ला क्लीव्हलँडमध्ये अंतिम सामना, समोर पुन्हा आयोवा. क्लार्कने पहिल्या दहा मिनिटांतच १८ गुण केले. मग तिच्या मागे लागली रेव्हन जॉन्सन, तीच मोकळी सोडलेली. सामना संपला ८७-७५. बाकावरून आलेल्या मुलींच्या गुणांचा आकडा आम्ही दोनदा तपासला : साऊथ कॅरोलिना ३७, आयोवा शून्य. टीव्हीवर हा सामना १ कोटी ८० लाखांहून अधिक लोकांनी पाहिला. पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा महिलांचा सामना अधिक पाहिला जाण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्या वर्षी याच संघाला अंतिम सामन्यात कनेक्टिकटने ८२-५९ असे धूळ चारली, हेही नोंदवतो.

स्टेली स्वतः उत्तर फिलाडेल्फियाच्या सरकारी वस्तीत वाढलेल्या. खेळाडू म्हणून तीन ऑलिम्पिक सुवर्णपदके, २००४ च्या अथेन्समध्ये देशाचा ध्वज हाती. २००८ ला त्या कोलंबियाला आल्या आणि पहिल्या हंगामात १० सामने जिंकून १८ हरल्या. तिकडे अजिंक्य संघ बास्केटची जाळी कापून घेतो. १९९९ ला अजिंक्यपद मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय प्रशिक्षिका कॅरोलिन पेक यांनी आपल्या जाळीचा एक तुकडा स्टेली यांना दिला होता, तू जिंकलीस की परत कर असे सांगून. तो त्या पाकिटात घेऊन फिरत. २०१७ ला जिंकल्या. मग आपल्या जाळीचे त्यांनी कात्रीने बारीक तुकडे केले आणि २०२१ मध्ये देशभरच्या कॉलेज संघांच्या कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षिकांना, प्रत्येकीला एक, असे पाठवून दिले.