ऐकून घेणारे सरकार

ओस्लो

नॉर्वे म्हणजे हिमाच्छादित डोंगर, शांततेचे नोबेल पारितोषिक आणि विजेवर धावणाऱ्या मोटारी यांनी पावन झालेले पर्यावरणाचे तीर्थक्षेत्र, अशी जी सात्त्विक समजूत आपल्याकडे रूढ आहे, ती सर्वस्वी खोटी नाही, आणि खरी अडचण तीच आहे. येथे आता विकल्या जाणाऱ्या दर दहा नव्या मोटारींपैकी नऊ विजेच्या असतात. ती वीज बहुतांश पाण्यापासून निर्माण होते. आणि घरातील खरकटे हिरव्या पिशवीत बांधून दिले की नगरपालिका त्याचा वायू आणि खत करते. हे पाहून भारावलेल्या पाहुण्याने जानेवारीत मात्र येथील वर्तमानपत्र उघडू नये. दरसाल त्याच महिन्यात ऊर्जामंत्रालय उत्तर समुद्रापासून थेट बॅरेन्ट्स समुद्रापर्यंत तेल आणि वायू शोधण्याचे नवे परवाने वाटते: 2024 साली 62, 2025 साली 53. बाहेर गेलेले हे तेल आणि वायू परदेशी जळल्यावर जो कार्बन हवेत मिसळतो, तो नॉर्वेच्या घरच्या उत्सर्जनाच्या सुमारे दहापट भरतो. पण जमाखर्चाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार तो खरेदीदाराच्या खाती पडत असल्यामुळे यजमानांची वही कोरी राहते.

हे परवाने बंद करावेत, अशी मागणी येथे कोणी करत नाही असे नव्हे. 2021च्या निवडणुकीनंतर श्री. योनास गार स्टोरे यांचे अल्पमतातील मंत्रिमंडळ अधिकारावर आले, तेव्हा अंदाजपत्रकास पाठिंबा देण्याची किंमत म्हणून समाजवादी डाव्या पक्षाने नव्या समुद्रक्षेत्रांच्या परवान्यांची सव्विसावी फेरी तहकूब करून घेतली, आणि युरोपातील हवामानवादी मंडळींनी समाधानाचा निःश्वास टाकला. परंतु येथे परवान्यांच्या दोन वाटा आहेत. एक क्रमांकित फेरीची, जी अनोळखी सागराकडे जाते; दुसरी 2003पासून चालू असलेली ‘पूर्वनिर्धारित क्षेत्रां’ची, जी परिचित सागरात दरवर्षी निमूटपणे पार पडते, आणि जिच्या सीमा वर्षागणिक अशा विस्तारत गेल्या आहेत की परिचित आणि अनोळखी यांतील भेद दप्तरापुरताच उरावा. तहकूब झाली ती पहिली. दुसरीच्या केसालाही धक्का लागला नाही. शेवटी 2025च्या ऑगस्टमध्ये, निवडणुकीच्या ऐन तोंडावर, ऊर्जामंत्र्यांनी त्याच सव्विसाव्या फेरीची तयारी जाहीर केली, आणि तरीही स्टोरे यांचाच पक्ष पुन्हा अधिकारावर आला.

माझ्या शेजारी एक सेवानिवृत्त शिक्षिका राहतात. प्लास्टिकचे वेष्टन मी भलत्या पिशवीत टाकले म्हणून जिन्यात मला थांबवून, आवाज यत्किंचितही न चढवता, त्यांनी जी कानउघाडणी केली ती मी विसरणार नाही. त्याच बाईंना मी एकदा परवान्यांविषयी छेडले, तेव्हा त्या तितक्याच शांतपणे म्हणाल्या, “आम्ही काढले नाही तर दुसरे कोणी तरी काढीलच, आणि आमचे निदान स्वच्छ रीतीने काढलेले असते.” ह्यात तथ्याचा अंश आहे, कारण योहान स्वेरद्रूपसारख्या अजस्र तेलक्षेत्रावरील यंत्रे किनाऱ्यावरून नेलेल्या जलविजेवर चालतात. मी म्हटले, “बाई, तेल कितीही स्वच्छ हातांनी काढले, तरी ते जळायचे कसे राहील?” त्यांनी मला कॉफी दिली. येथे मतभेदाची सीमा आली की कॉफी येते.

परंतु ह्या लोकांवर रागावणे मला साधत नाही, आणि त्याचे कारण आपल्या घरचे आहे. 1968 साली बसऱ्याकडील फारूक अल्-कासिम नावाचा एक इराकी भूगर्भशास्त्रज्ञ, पत्नी नॉर्वेची आणि आजारी मुलास उपचार हवे म्हणून ओस्लोस उतरला, पुढच्या आगगाडीस अवकाश होता म्हणून उद्योगमंत्रालयात जाऊन नोकरीची चौकशी करू लागला, आणि तेथील मूठभर कारकुनांनी उत्तर समुद्रातील विहिरींची टिपणे त्याच्यापुढे ठेवून त्याचे मत विचारले. पुढे ह्या देशाच्या तेलधोरणाचा पाया घालण्यात त्या गृहस्थाचा मोठा वाटा होता. आपल्याकडील एखाद्या मंत्रालयाच्या दारी असा परका मनुष्य आला असता, तर ओळखपत्राची छायांकित प्रत दोन ठिकाणी साक्षांकित करून आणीपर्यंत त्याची आगगाडी निघून गेली असती, आणि त्याबरोबर तेलधोरणही.

एकोफिस्क क्षेत्रातून येथे तेल निघू लागले ते 1971 साली; आपल्या ‘सागर सम्राट’ नावाच्या तेलशोधक नौकेने मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर तेल शोधले 1974 साली, आणि 1976मध्ये ते वाहू लागले. म्हणजे दोन्ही घरांत लक्ष्मी एकाच सुमारास आली. येथे तिच्यासाठी 1990 साली कायद्याने एक निधी स्थापन झाला, जो आज जगातील सर्व नोंदलेल्या समभागांपैकी सुमारे दीड टक्क्याचा धनी आहे. आपल्या भारतीय कंपन्यांतही त्याचा पैसा आहे. आपल्याकडे कच्च्या तेलावर 1974च्या कायद्याने जो उपकर तेलउद्योगाच्या विकासाकरिता म्हणून बसवला, त्याचा फारच थोडा अंश त्या कामी आला आणि बाकीचा सर्वसाधारण तिजोरीत विरघळला. भर समुद्रातील तेलाचे स्वामित्वशुल्क केंद्राकडे जाते, म्हणून महाराष्ट्रास त्याचा हिस्सा नाही. आणि जेथे मुंबई हायचे तेल किनाऱ्याला लागते त्या उरणच्या कोळ्यास काय मिळाले, हे स्टाव्हांगर बंदरातील देखण्या तेलसंग्रहालयात हिंडताना माझ्या मनातून जाईना.

म्हणूनच ह्या लोकांची टाळाटाळ मला अधिक बोचते. आपण गरजेचे बहुतांश तेल आयात करतो. दिल्लीने समुद्रातील 10 लाख चौरस किलोमीटरचा पूर्वी निषिद्ध असलेला टापू शोधासाठी खुला केला, 2025च्या स्वातंत्र्यदिनी लाल किल्ल्यावरून खोल समुद्रातील शोधाकरिता ‘समुद्रमंथन’ जाहीर झाले, तर त्यामागे निदान गरजेची ढाल तरी आहे. ज्यांच्या गाठीशी असा निधी आहे, त्यांना कोणती गरज? शिवाय तेलाच्या भावावर फार विसंबू नये म्हणून ह्याच निधीने 2019पासून तेलशोधक कंपन्यांचे समभाग विकावेत असे ठरले, आणि त्याच वेळी सरकार स्वतः 67 टक्के मालकीच्या इक्विनॉर कंपनीस नवे सागर शोधावयास पाठवीत राहिले.

येथील तरुणांनी न्यायालयाचे दारही ठोठावले. पुढील पिढ्यांच्या निरोगी पर्यावरणाचे अभिवचन देणाऱ्या राज्यघटनेच्या 112व्या कलमान्वये बॅरेन्ट्स समुद्रातील 2016चे परवाने रद्द करावेत, हा त्यांचा दावा सर्वोच्च न्यायालयाने 2020च्या डिसेंबरात 11 विरुद्ध 4 मतांनी फेटाळला, आणि 2025च्या ऑक्टोबरात स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयानेही अधिकारभंग झाल्याचे मानले नाही. मात्र परदेशी जळणाऱ्या इंधनाचा परिणाम तपासूनच पुढचे पाऊल टाकावे, असे बजावले.

आणि तपासणी तर येथे वाखाणण्याजोगी होते. परवान्यांसाठी समुद्राचे कोणते चौकोन खुले करावेत ह्याचा मसुदा प्रसिद्ध होतो, मुदत दिली जाते, आणि सरकारचेच पर्यावरण संचालनालय, बर्गनची सागरसंशोधन संस्था, ट्रॉम्सोची ध्रुवसंशोधन संस्था, कोळ्यांच्या संघटना, अगदी शाळकरी मुलेसुद्धा, लेखी हरकती दाखल करतात. प्रत्येक हरकत जाहीर होते. मग सरकारी शास्त्रज्ञांनी ‘येथे नको’ म्हटलेले काही चौकोन वगळून आणि काही न वगळता परवाने निघतात. आपल्या बारसूच्या सड्यावर 2023च्या एप्रिलमध्ये तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या नुसत्या माती परीक्षणासाठी पोलिसांचा वेढा पडला होता आणि बायाबापड्या भर उन्हात रस्त्यावर आडव्या पडल्या होत्या, हे मी येथील एका तरुण पत्रकारास सांगितले, तेव्हा तो प्रथम हळहळला आणि मग काहीशा असूयेने म्हणाला, “पण तुमचे सरकार घाबरले तरी म्हणायचे!”

गेल्या उन्हाळ्यात आपल्याकडील एक शिष्टमंडळ अभ्यासदौऱ्यावर आले होते. विजेच्या मोटारी पाहून झाल्या, सामन मासा खाऊन झाला, फ्योर्डच्या पार्श्वभूमीवर छायाचित्रे निघाली. परतीच्या आदल्या संध्याकाळी त्यांतील एका मितभाषी अधिकाऱ्यांनी मला बाजूस घेऊन ह्या हरकतींच्या पद्धतीविषयी बारकाईने विचारले. इतक्या हरकती आल्यावर परवाने थांबतात का? मी म्हटले, सहसा नाही. दंगाधोपा? नाही. पोलीस बंदोबस्त? मुळीच लागत नाही. त्यांनी खिशातून वही काढली आणि मंत्रालयाच्या संबंधित विभागाचा पत्ता माझ्याकडून नीट उतरवून घेतला.