हेडहंटर्स : जमिनीवर उतरलेलं जॅझ

ऑक्टोबर १९७३मध्ये ‘हेड हंटर्स’ हा अल्बम आला, तेव्हा पियानोवादक हर्बी हँकॉक तेहतीस वर्षांचा होता. शिकागोत वाढलेल्या या मुलाने अकराव्या वर्षी तिथल्या सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर मोझार्ट वाजवला होता. पुढे माइल्स डेव्हिसच्या पंचकात तो पाच वर्षं मुरला. सत्तरच्या दशकाच्या आरंभी त्याच्या ‘म्वांदिशी’ चमूने केलेलं संगीत धाडसी होतं, पण अधांतरी तरंगणारं, आणि त्याला श्रोते मोजकेच लाभले. आता हँकॉकला पायाखाली जमीन हवी होती. स्लाय स्टोन आणि जेम्स ब्राउन यांचं फंक त्याच्या मनात घोळत होतं.

जुन्या साथीदारांपैकी त्याने सॅक्सोफोनवादक बेनी मॉपिनलाच ठेवलं. बासवर पॉल जॅक्सन आला, ड्रम्सवर हार्वी मेसन आणि तालवाद्यांवर बिल समर्स. फंक म्हटलं की गिटार हवीच; हँकॉकने तीच गाळली. तिचे तुटक, खणखणीत आघात तो स्वतः क्लॅव्हिनेट या विजेवर चालणाऱ्या कीबोर्डवर काढू लागला.

सॅन फ्रान्सिस्कोत ध्वनिमुद्रित झालेल्या या अल्बममध्ये रचना चारच. पहिली ‘कमीलिअन’ पंधरा मिनिटांहून मोठी आहे. सिंथेसायझरवरची बासची एक ओळ सुरू होते आणि फिरत राहते. तिच्यावर ड्रम्सचा ठेका चढतो, मग जॅक्सन आपल्या बासवर वरच्या सुरात गिटारसारखी चाल धरतो, मग क्लॅव्हिनेट येतं. प्रत्येक वाद्य दुसऱ्यासाठी जागा सोडतं, आणि त्या मोकळ्या जागांतच लय श्वास घेते.

दुसरी रचना ‘वॉटरमेलन मॅन’ मुळात १९६२ची, हँकॉकच्या स्वतःच्या पहिल्या अल्बममधली. शिकागोच्या गल्लीत दगडी फरशीवरून खडखडत येणारी कलिंगडवाल्याची गाडी तिच्या मुळाशी आहे. नव्या अवतारात समर्स बिअरच्या बाटलीत फुंकर मारून सुरुवात करतो. मध्य आफ्रिकेच्या अरण्यातले लोक एकसुरी बासरी आणि कंठ आलटून पालटून वापरतात, त्या पद्धतीचं हे अनुकरण. शहरातली गल्ली आणि आफ्रिकेचं रान अशी एका ठेक्यावर भेटतात. ‘स्लाय’ ही स्लाय स्टोनला दिलेली दाद. ‘व्हेन मेल्टर’ संथ, सावळी.

हँकॉकने बाजारासाठी जॅझ विकलं, असं कर्मठ रसिक म्हणाले. अल्बम मात्र दहा लाखांवर खपला. त्याचे तुकडे पुढे हिप-हॉपवाल्यांनी उचलले, आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्याला आपल्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत स्थान दिलं. विकला जाणं हा या संगीताचा दोष नव्हता. कमी सूर वाजवून, पुन्हा पुन्हा तेच वाजवून त्यात जीव ओतायला कसब लागतं, आणि ते या पाच जणांकडे होतं. खात्री करायची असेल, तर ‘वॉटरमेलन मॅन’ची १९६२ची आणि १९७३ची आवृत्ती एकापाठोपाठ ऐका.